माळ्यावरची हवाईयन गिटार आणि चार लाखांचा निरोप

सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. "माळ्यावरची जुनी हवाईयन गिटार म्हणजे स्टील गिटार, परदेशात चार लाख मिळतात. जितकी जुनी तितका भाव जास्त. जर्मन सिल्व्हरची असेल तर चांदीचे पैसे वेगळे. आवाज बारीक येत असेल तर मॅग्नेट मेलेत, नवा पिकअप टाका. विकण्याआधी घासून चकाचक करा." यातला गिटारच्या नावापुरता भाग खरा आहे. पुढचं ऐकलंत तर नुकसान तुमचंच.

'स्टील' म्हणजे बॉडी नव्हे, डाव्या हातातला पोलादी दांडा. म्हणून लाकडी, बेकेलाइटची, ॲल्युमिनियमची, सगळ्या स्टील गिटारच. आपल्याकडे माळ्यावरून निघते ती बहुधा देशी बनावटीची, उंच नट (डोक्याकडची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बसवलेली लाकडी गिटार. 'गिवसन' हा भारतीय ब्रँड. घाईत तेच 'गिब्सन' (महागडा अमेरिकन ब्रँड) वाचलं की चार लाखांचा हिशेब सुरू होतो. चष्मा लावून एक अक्षर नीट बघा.

जुनी म्हणजे महाग, हेही खोटं. रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीची ओतीव ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' १९३२ साली बाजारात आली. तिला काही हजार डॉलर मिळतात. शिकाऊंसाठी काढलेल्या, मोतिया प्लॅस्टिकने मढवलेल्या सुप्रो किंवा मॅग्नाटोन सत्तर-ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी साधारण ३०० ते ६०० डॉलरमध्ये मिळतात. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तर फ्राइंग पॅनमध्ये खोडच आहे: स्टेजच्या दिव्यांखाली ॲल्युमिनियम तापतं आणि सूर सरकतो. १९३५ च्या सुमारास त्याच कंपनीची बेकेलाइटची आली, तिला मागणी आजही टिकून आहे. पण बेकेलाइट पडलं की तुटतं, म्हणून मान जिथे बोल्टने जोडलीय तिथली चीर आधी शोधा. नॅशनल कंपनीच्या १९२७ पासूनच्या ट्रायकोनमध्ये (आत तीन धातूचे शंकू असलेली, धातूच्या बॉडीची गिटार) आणखी उलटा कारभार. चौकोनी मानेची खास मांडीवर वाजवायला केलेली, तरी गोल मानेचीच महाग, कारण ब्लूज वाजवणाऱ्यांना ती हवी असते. आणि भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या गिटारचा. मागायला काय, कोणी काहीही मागतं!

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी गुंजभरही नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. हुपरीचा कुठलाही कारागीर हे एका नजरेत सांगेल. घरी बघायचं तर बॉडीला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर पोलादी पत्रा. चिकटला नाही तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. वरच्या निकेलच्या मुलाम्यामुळे जरासा ओढला जाईल, तेवढ्याने फसू नका.

इलेक्ट्रिक अमेरिकन गिटार असेल तर वय पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता भाग) पाठीवर सापडतं. १३७६६३३ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, ३३ म्हणजे तेहतिसावा आठवडा. ३०४ ने सुरू झाला तर स्टॅकपोल कंपनी. पन्नाशीच्या दशकातल्या बऱ्याच पॉटांवर वर्षाचा एकच अंक असतो. ही तारीख पॉटची, गिटारची नव्हे. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं.

आता मॅग्नेट. आवाज बारीक आला की पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा, मॅग्नेट आणि बारीक तारेची कॉइल असलेला भाग) काढून फेकणं ही सगळ्यात महागडी चूक. मल्टिमीटर २० किलोओहमवर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबल जोडा आणि तिच्या मोकळ्या पिनच्या टोकाला व दांडीला प्रोब टेकवा. काही किलोओहम दिसले तर कॉइल जिवंत आहे. नुसता १ दिसला तर मीटर २ मेगवर न्या. तिथे अडीचशे-पाचशे किलोओहम दिसले तर तो आकडा पॉटचा आहे, कॉइल तुटलीय. तरी लगेच नवी गुंडाळू नका. केसासारखी बारीक तार बहुतेकदा जाड वायरच्या डाकापाशीच तुटते. आपल्या पावसाळ्यात तिथे हिरवा कळंक चढतो. पुन्हा डाक दिला की बरेचदा भागतं. कॉइल शाबूत आणि आवाज खरखरीत असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. रिकनबॅकरचे तारांवरून वळलेले नालेसारखे मॅग्नेट क्षीण झाले तरी पुन्हा चार्ज करता येतात, मात्र उगाच उघडून वेगळे केले तर आणखी क्षीण होतात. पिकअप बदलावाच लागला तर जुना जपून ठेवा. मूळ पिकअप नसला की भाव पडतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात: चिंच-मीठ किंवा तांब्यापितळेची पावडर देवघरात ठीक. निकेलवर घासलीत तर मुलामा जाऊन खालचं पिवळं पितळ दिसेल आणि भाव उतरेल. कोरडं मऊ कापड पुरे.

निरोपात नसलेली एक चूकही सर्रास होते. साधी गिटार नट उंच करून जी-बी-डी-जी-बी-डी सुरात लावतात, तारा मात्र स्पॅनिश (म्हणजे साध्या गिटारच्या) सेटच्याच. सहावी तार ई वरून जी वर चढवली की तिचा ताण सुमारे ४१ टक्के वाढतो, पाचवी ए वरून बी वर नेली की २६ टक्के. मग ब्रिज (बॉडीवरची, तारा अडकवायची पट्टी) उचकटतो आणि मान धनुष्यासारखी वाकते. गिटारची बांधणी या सुरासाठी असेल तर १६ ते ५६ जाडीचा (इंचाचे हजारांश) रेझोफोनिक, म्हणजे अशा सुराच्या गिटारसाठीचा, सेट लावा, नसेल तर सूर खाली ठेवा.

दांडा हरवला असेल तर भाव त्याने अडत नाही. उद्यमनगरात पाऊण इंच व्यासाचा, तीन इंच लांबीचा स्टेनलेसचा तुकडा लेथवर एका टोकाला गोल करून, आरशासारखा बफ करून घ्या. बोटाला खरखर लागली तर तारेवरही तीच ऐकू येईल.