बाबा, दाबा!

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक इंजिनाबद्दल विचारतात, रंगाबद्दल विचारतात, 'ॲव्हरेज किती देते' हे तर विचारतातच. ती थांबते कशी, असे मात्र कोणी विचारत नाही, कारण ती मुळात चालते यावरच कोणाचा विश्वास नसतो. माझ्याकडच्या प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यासारखा होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडलेली ही गाडी स्वभावाने गरीब आहे, तिचे १०८९ सीसीचे इंजिन कोणाच्या अध्यातमध्यात नसते, परंतु चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून 'शू' दाबणारे) असल्यामुळे थांबण्याचा निर्णय ती फार विचारपूर्वक घेते. घाट उतरताना ड्रम तापले की पकड सुटत जाते आणि पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिल्यांदा दाबलेला ब्रेक हा नुसता अर्ज ठरतो. पुढची रिक्षा कोणत्याही क्षणी आणि बहुधा विनाकारण थांबते अशा ठाण्यात राहून हे परवडत नाही. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅडनी चिमटीत धरणारे) बसवायचे आणि तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हातांनी, असे मी ठरवले.

या बेताला पहिला विरोध वडिलांचा झाला. त्यांनी ऐन उमेदीत फियाट चालवली आहे आणि ब्रेक लावावा लागणे हे त्यांच्या मते चालकाच्या अडाणीपणाचे लक्षण आहे. "अरे, ब्रेक पायात नसतो, डोक्यात असतो," असे ते सांगतात. तीन हात नाक्याचा सिग्नल लाल होणार हे त्यांना माजिवड्यापासून कळते आणि तेव्हापासूनच ते एकेक गिअर खाली घेऊ लागतात. दुसरा विरोध तिसऱ्या मजल्यावरच्या वकील काकांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम काय म्हणते, हे त्यांनी मला जॅकजवळ उभे राहून ऐकवले; नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. मी पुस्तक आणून दाखवले. त्यात गाडीचा रंग होता, आसने होती, चासी क्रमांक होता, ब्रेकचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. काकांनी 'तरीही' असा एकच शब्द उच्चारला आणि ते फिरायला निघून गेले.

डिस्क आणि कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) एका भंगारात निघालेल्या मारुती ८०० चे मिळाले, तेही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. म्हणजे गाडी ज्या गावी जन्मली त्याच गावी तिला परक्याचे अवयव बसवण्याची सोय झाली. अर्थात मारुतीचा कॅलिपर पद्मिनीच्या खांद्यावर सरळ बसत नाही. त्यासाठी लेथवाल्याकडून जाड पट्टीचे ब्रॅकेट करून घ्यावे लागले आणि लेथवाल्याने मापे घेताना, "ही गाडी विकून का टाकत नाही?" असे अत्यंत आपुलकीने विचारले. जुन्या ब्रेक पाइपचे नट गंजून एकजीव झाले होते. साधा पाना लावला की त्यांचे कोपरे झिजतात आणि नट गोल होऊन बसतो, म्हणून एका बाजूला चीर असलेला खास रिंग पाना आणला. मग सगळे सुरळीत झाले, असे लिहिण्याचा मोह मी आवरतो.

कारण सगळे जोडल्यावर गाडी हलेना. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर पाइपमधून चाकांकडे तेल ढकलणाऱ्या पंपात, एक लहानशी झडप असते. पाय काढून घेतल्यावरही ती पाइपमध्ये दहाएक पीएसआय दाब राखून ठेवते, जेणेकरून चाकातल्या, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी कपांच्या कडेने हवा आत शिरू नये. ड्रममधल्या शूंना मागे खेचणाऱ्या दणकट स्प्रिंगा असल्यामुळे त्यांना हा दाब जाणवत नाही. डिस्कच्या पॅडना मात्र मागे ओढणारे असे कोणी नसते. तेवढ्या दाबावर ते डिस्कला चिकटून राहतात आणि डिस्क तापत जाते. गाडी थांबत नाही ही तक्रार आता कोणालाच करता आली नसती. अखेर डिस्कसाठीचा, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणला, ज्यात एका बाजूची गळती झाली तरी दुसरी बाजू शाबूत राहते. वडिलांनी तो हातात घेऊन पाहिला आणि "दोन कशाला?" असे विचारले.

खरी परीक्षा पुढेच होती. जोडाजोडीत तेलाच्या पाइपमध्ये शिरलेली हवा काढणे हे दोन माणसांचे काम आहे, आणि त्यातला एक माणूस चाकाजवळ तर दुसरा पेडलवर असल्यामुळे दोघांनाही एकमेकांचे तोंड दिसत नाही. पेडलवर वडील बसले. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून करायची असते. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा सोडण्याच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक मी ब्रेक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवले. ती बाटली लोणच्याची असून ती परत हवी आहे, असे आईने वरून बजावले.

"बाबा, दाबा."

"दाबला."

"आणखी जोरात. आता धरा."

"धरला."

"निपल उघडतोय. पाय खाली जाईल, जाऊ द्या, पण सोडू नका."

"सोडू का?"

"नका!"

"मग नीट सांग की!"

निपल उघडा असताना पाय उचलला गेला, तर बाहेर गेलेली हवा आत येते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. नळीतून साबुदाण्याएवढे बुडबुडे निघत होते, ते हळूहळू विरळ होत आले, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्याच्या आत्याचा फोन आला. फोन घ्यायचा म्हणजे उभे राहायचे, ही वडिलांची पिढीजात सवय आहे. ते आदराने उभे राहिले, पेडलही वर आले, आणि नळी पुन्हा बुडबुड्यांनी भरली. मधल्या काळात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आईला फोन करून, तुमचा मुलगा वडिलांकडून पाय दाबून घेतो हे शोभत नाही, असे स्पष्टच सांगितले. आईने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मला काहीही न सांगता वडिलांसाठी चहा पाठवला. चहा आणणाऱ्या वॉचमनचा हात लागून ब्रेक ऑइलचा डबा कलंडला. हे ऑइल रंग खाते, त्यामुळे मडगार्डवर तातडीने बादलीभर पाणी ओतावे लागले. चहात किती पडले, ते पाहण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

चारही चाके झाली. पेडल पायाखाली विटेसारखे घट्ट लागू लागले आणि तळघराच्या उतारावर गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबली. पहिली मोठी फेरी वडिलांनीच मारायची, असे आईने ठरवले. मी शेजारी बसलो. घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढून उतरून आम्ही परत आलो. एवढ्या वाटेत दोन टेम्पो, एक म्हैस आणि असंख्य रिक्षा आडव्या आल्या, परंतु त्या प्रत्येकाचा अंदाज वडिलांना आधीच आलेला असल्यामुळे त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. पार्किंगमध्ये गाडी आपोआप थांबेपर्यंत त्यांनी ती घरंगळू दिली. "ब्रेक छान झालेत," असे म्हणून त्यांनी हँडब्रेक ओढला, जो अजूनही जुनाच आहे.