पॅनेल म्हणजे स्टोरीबोर्ड नव्हे

कॉमिकवरचा नवा सिनेमा आला की एक दावा हमखास फिरतो: "कॉमिकची पानं म्हणजे तयार स्टोरीबोर्ड. तसंच्या तसं शूट करा. हॉलिवूडवाले उगाच बदल करतात आणि आपटतात." पुराव्याला कॉमिकच्या पानांबरहुकूम काढलेले सिनेमे 'सिन सिटी' आणि '३००', उलट बाजूने 'वॉचमेन' सिनेमा: कॉमिकचा शेवट बदलला, म्हणून फसला.

"तयार स्टोरीबोर्ड." स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगआधी काढलेली एकेका शॉटची चित्रं. त्याची चौकट पडद्याच्या मापाची असते, कॉमिकची चौकट म्हणजे पॅनेल, ती पानाच्या मापाची. 'वॉचमेन' कॉमिकचं (१९८६-८७, १२ अंक) पान बहुतेक वेळा नऊ उभ्या चौकटींचं, प्रत्येक साधारण २:३ (रुंदी:उंची). सिनेमाची फ्रेम २.३९:१. चौकट रुंदीला भरून बसवली तर उंचीतला जेमतेम २८ टक्के भाग उरतो. चेहरा ठेवावा तर हातातली वस्तू जाते. उंचीला बसवली तर फ्रेमचा ७२ टक्के भाग रिकामा, तो कुणीतरी नव्याने रचायचा. "तसंच्या तसं" इथेच संपलं.

वेळेचं गणित तर आणखी वाईट. कॉमिकमधला नायक झेप घेताना संवादाच्या फुग्यात ३५ शब्द बोलतो आणि कुणालाही खटकत नाही. पडद्यावर ते बोलायला १४-१५ सेकंद लागतात, झेप एका सेकंदाची. मग संवाद छाटा, झेपेच्या मागेपुढे सरकवा, नाहीतर स्लो मोशन लावा. तिसरी वाट पॅनेलशी इमान राखल्यासारखी दिसते. 'वॉचमेन' सिनेमा जड होतो तो बऱ्याचदा तिथेच.

काही गोष्टी तर कागदाशिवाय होतच नाहीत. 'वॉचमेन'च्या पाचव्या अंकाची मांडणी आरशासारखी आहे: पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, मधोमध जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक. वाचक मागे उलटून ताडून बघतो. थिएटरात बोट कुठल्या पानात घालणार? तसाच तो न्यूजस्टँडपाशी चाच्यांचं कॉमिक वाचणारा मुलगा. छापील पानावर चाच्यांच्या गोष्टीतल्या मजकुराच्या पट्ट्या रस्त्याच्या चित्रावर येतात, दोन्ही गोष्टी एकाच नजरेत. सिनेमात दोन आवाज एकावर एक आले की नुसता कालवा. १६२ मिनिटांच्या थिएटर आवृत्तीत चाचे नाहीतच. ते वेगळ्या ॲनिमेशनपटात गेले आणि २१५ मिनिटांच्या आवृत्तीत परत जोडले गेले.

"शेवट बदलला म्हणून फसला." 'वॉचमेन' कॉमिकच्या शेवटी शहरात विध्वंस घडवणारा राक्षसी स्क्विड (अनेक भुजांचा समुद्री प्राणी) पटतो, कारण बेपत्ता झालेले कलावंत आणि लेखक, एक बेट, असे धागे आधीच्या अंकांत पेरलेले आहेत. स्क्विड ठेवायचा तर ते सगळं ठेवावं लागतं. सिनेमाने विध्वंसाचं खापर डॉ. मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या पात्राच्या ऊर्जेवर फोडलं. तो आधीपासून कथेत आहेच, वेगळी पेरणी नको. आमच्या मते हा त्या सिनेमातला सर्वात शहाणा बदल.

"'सिन सिटी' चालला ना?" चालला. त्या कॉमिकमध्ये नायकाचं निवेदन मुळातच आहे आणि कथा सुट्या सुट्या आहेत. पण २०१४ चा दुसरा भाग त्याच पद्धतीने काढला आणि तो साफ पडला. '३००'चं कॉमिक (१९९८) मुळातच आडव्या जोडपानांवर काढलेलं, त्यामुळे फ्रेमचा प्रश्न हलका. तरी राणी गोर्गोचं दरबारी राजकारण सिनेमासाठी नव्याने घालावं लागलं.

राहिलं "मूळ कथेला हात लावू नका." 'एक्स-मेन' कॉमिकमधली जीन ग्रे १९६३ ला आली, १९७६ ला अफाट शक्तीची 'फिनिक्स' झाली, १९८० ला मेली. याच कथेवरच्या २०१९ च्या 'डार्क फिनिक्स' सिनेमातली जीन त्या अवतारात त्याआधी एकाच सिनेमात, २०१६ ला, दिसली होती. एवढ्या ओळखीवर तिचं पतन अंगावर येत नाही. आणि मूळ म्हणजे कुठलं? १९८० च्या कॉमिकसाठी आधी काढलेल्या शेवटात जीन शक्ती गमावून जिवंत राहते. तिने एक तारा गिळून पाच अब्ज जीव मारलेत, एवढ्यावर सुटता येणार नाही, असं मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरलं, आणि शेवटची पानं नव्याने काढली गेली. पहिला शेवट १९८४ ला वेगळा छापून आला.