जड टूरिंग हार्लेला ‘सगळ्यात मोठा बोल्ट-इन कॅम’ टाकू नका

एक सल्ला हल्ली सारखा फॉरवर्ड होतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. सल्ला थोडक्यात असा: टूरिंग हार्ले जड असते, जड गाडीला ताकद लागते, म्हणून बोल्ट-इनमध्ये (बाकी इंजिन न बदलता बसणाऱ्या प्रकारात) जो सगळ्यात जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडणारा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) मिळेल तो घ्या, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ज्याची पीक हॉर्सपॉवर जास्त तोच चांगला, आयडलला इंजिन अडखळत धडधडायला लागलं की समजा काम झालं, आणि बोल्ट-इन आहे म्हणजे बाकी कशाला हात लावायची गरज नाही, ट्यूनिंग पण नको कारण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि मला हे मनापासून खटकतं कारण याच्यावर विश्वास ठेवून लोक चांगल्या चालणाऱ्या गाडीचं इंजिन उघडतात आणि मग सामान भरून डबलसीट निघाले की गाडी आधीपेक्षा मरगळलेली वाटते. एकेक मुद्दा घेऊ.

“गाडी जड आहे म्हणून मोठा कॅम”

गाडी जड आहे हे बरोबर. इलेक्ट्रा ग्लाइड अल्ट्रासारखी गाडी पेट्रोल-ऑइल भरून ४०० किलोच्या वर जाते, त्यावर दोन माणसं आणि भरलेल्या बॅगा. पण ही गाडी रस्त्यावर कुठल्या आरपीएमला चालते ते आठवून बघा. सहाव्या गिअरमध्ये निवांत क्रूझिंगला साधारण २२०० ते ३०००, ओव्हरटेक करताना किंवा चढावर ३५००, आणि ५००० च्या पुढे काटा न्यायची वेळ क्वचितच येते. रेडलाइनच ५५०० ची आहे. कंपनीने १०३ घन इंचाच्या ट्विन कॅम इंजिनाचा आणि त्याच्यानंतर आलेल्या मिलवॉकी-एट १०७ चाही टूरिंग गाड्यांमधला पीक टॉर्क (ओढायचा सगळ्यात जास्त जोर) ३२५० आरपीएमला दिलाय, १०७ चा आकडा १११ फूट-पाउंड आहे. वजन तिथेच ओढायचं असतं म्हणून तो तिथे ठेवलाय.

आता बाजारात ज्याला ‘मोठा कॅम’ म्हणतात तो हाच टॉर्क उचलून वर नेतो, ४००० च्या पुढे. म्हणजे वजन जितकं जास्त तितका असा कॅम जास्त जाचतो. हलक्या गाडीला खालचा टॉर्क थोडा गेला तरी चालून जातं, जड गाडीला क्लच सोडताना प्रत्येक वेळी जाणवतं.

हे का होतं तो खरा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कॅमसोबत मिळणाऱ्या कॅम कार्डावर चार आकडे असतात, इनटेक (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) कधी उघडतो, कधी बंद होतो, एक्झॉस्ट कधी उघडतो, कधी बंद होतो. टूरिंगवाल्याने सगळ्यात आधी बघायचा आकडा म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, आणि तो बंद होईपर्यंत कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते, म्हणून उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे फायद्याचा. २५०० ला तो वेग नसतो. मग पिस्टन आत आलेलं मिश्रण परत इनटेककडे ढकलून देतो आणि सिलिंडरमध्ये जळायला उरतं कमी.

ट्विन कॅम ९६ वर हिशोब करून बघू. स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) १११ मिमी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९.२. कॅम कार्डाप्रमाणे इनटेक ३० अंशाला, म्हणजे पिस्टन तळाला गेल्यावर क्रँक आणखी ३० अंश फिरल्यावर, बंद होत असेल तर कॉम्प्रेशनसाठी पिस्टनला साधारण १०६ मिमी प्रवास मिळतो आणि खरं कॉम्प्रेशन येतं ८.८ च्या आसपास. तोच व्हॉल्व्ह ४५ अंशाला बंद केला तर प्रवास उरतो ९९ मिमी आणि कॉम्प्रेशन पडतं ८.३ वर. इंजिन तेच, पिस्टन तेच, पेट्रोल तेच, फक्त कॅम बदलल्याने अर्धा पॉइंट गेला. तो परत मिळवायचा तर कागदावरचं कॉम्प्रेशन ९.८ च्या जवळ न्यावं लागतं. काही जण म्हणतात पातळ हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पट्टी) टाकू, तर साधारण ०.०४५ इंचाच्या जागी ०.०३० इंचाचं टाकून ९.२ चं होतं ९.४, म्हणजे तेवढ्याने भागत नाही, आणि गॅस्केट बदलायला हेड काढावंच लागतं, मग ‘बोल्ट-इन’ राहिलं कुठे?

म्हणून स्टॉक कॉम्प्रेशनच्या जड गाडीला इनटेक साधारण २५ ते ३५ अंशात बंद होणारा कॅमच बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशीच्या पुढचे कॅम वाईट नाहीत, त्यांना १० च्या वरचं कॉम्प्रेशन आणि इंजिन वरच्या आरपीएमला फिरवणारा रायडर हवा. आणि आकडे नेहमी ०.०५३ इंच लिफ्टला मोजलेलेच एकमेकांशी ताडून बघा, हार्लेच्या कॅमना तीच पद्धत आहे, वेगळ्या लिफ्टला मोजलेले अंश शेजारी ठेवले तर तुलना फसते.

“लिफ्ट जास्त तेवढी ताकद जास्त”

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. कधी बंद होतो हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात. याला उत्तम उदाहरण म्हणजे हार्लेचाच स्क्रीमिन ईगल २५५, ११० घन इंचाच्या सीव्हीओ (हार्लेच्या खास महागड्या मालिकेतल्या) इंजिनातला. त्याची लिफ्ट साडेपाचशेच्या घरात, म्हणजे ०.५५० इंचाच्या आसपास, पण इनटेक बंद होतो फार लवकर, २५ अंशाला. त्यामुळे खालून जबरदस्त ओढतो आणि वर लवकर दमतो. लिफ्टच्या आकड्यावरून कोणी त्याला वर पळणारा कॅम समजला असता तर सपशेल चुकला असता.

पण म्हणून प्रत्येक गाडीला २५५ टाका असंही नाही हं. इतक्या लवकर बंद होणारा कॅम आधीच जास्त कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात टाकला तर सिलिंडरमधलं प्रेशर खूप वाढतं, स्टार्टरवर ताण येतो, आणि उन्हात पूर्ण लोडवर चढ चढताना इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून ठोके पडतात. मग ते थांबवायला ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि मिळवलेला टॉर्क तिथेच परत जातो. दोन्हीकडून मर्यादा आहे.

“पीक हॉर्सपॉवर बघून घ्या”

हॉर्सपॉवर म्हणजे फूट-पाउंडमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, एवढंच. समजा एक कॅम २५०० ला ८५ फूट-पाउंड देतो आणि पीकला ७५ हॉर्सपॉवर. दुसरा २५०० ला ७५ फूट-पाउंड देतो पण पीकला ८२ हॉर्सपॉवर. जाहिरातीत दुसरा जिंकणार. पण २५०० ला पहिल्याकडे ४० हॉर्सपॉवर आहे आणि दुसऱ्याकडे ३६ सुद्धा नाही, आणि दिवसभर तुम्ही तिथेच असणार. ज्याला दुसरा कॅम हवाच असेल त्याने एक गिअर खाली ठेवून ४००० च्या आसपास चालवायची तयारी ठेवावी. एकटे, बिनसामानाचे, मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवणारे असतात, त्यांना तो मजा देईल, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

“आयडलला धडधडली की कॅम भारी”

ही धडधड ओव्हरलॅपची असते, म्हणजे एक्झॉस्ट अजून बंद झालेला नाही आणि इनटेक उघडलाय, त्यामुळे कमी आरपीएमला जळलेला गॅस परत आत ओढला जातो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि जळण नीट होत नाही. इंजिन अडखळतं ते त्यामुळे. म्हणजे कानाला जे ताकदीसारखं वाटतं ते खरं तर खालच्या आरपीएमला इंजिन नीट जळत नसल्याचा आवाज आहे. हार्लेचा ओळखीचा ठेका त्यासाठी लागतच नाही, ४५ अंशाची व्ही-ट्विन आणि एकच क्रँकपिन असल्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर एकदा ३१५ अंश आणि एकदा ४०५ अंश असतं, तो ठेका स्टॉक कॅमवरही तसाच ऐकू येतो.

“बोल्ट-इन म्हणजे फक्त कॅम”

बोल्ट-इनचा अर्थ इतकाच की हेडचं मशिनिंग न करता, आहे त्या व्हॉल्व्ह स्प्रिंगवर आणि आहे त्या पिस्टनवर तो चालतो. तेही कुठल्या वर्षाच्या इंजिनात ते बघूनच. ट्विन कॅमच्या हेडमध्ये २००५ पासून बीहाइव्ह (वर निमुळत्या होणाऱ्या) स्प्रिंग आल्या, त्या जास्त लिफ्ट झेपवतात. आधीच्या स्प्रिंगवर ५१० च्या (०.५१० इंचाच्या) पुढची लिफ्ट टाकायचा विचार असेल तर मोजमाप केल्याशिवाय टाकू नका, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली तर पुशरॉड (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारी कांडी) वाकण्यापासून पुढचं सगळं होऊ शकतं.

आणि कॅमचेस्ट (कॅम बसतो तो कप्पा) उघडलीच आहे तर आतल्या कॅम बेअरिंग बदलून घ्या, जुन्या ठेवून वाचतं काहीच नाही. लिफ्टर (कॅमवर बसून पुशरॉड वर ढकलणारे) खूप चाललेले असतील तर तेही. १९९९ ते २००६ च्या ट्विन कॅम टूरिंगमध्ये स्प्रिंगवाले चेन टेन्शनर (कॅमची चेन ताणून धरणारे) आहेत, त्यांचे प्लास्टिकचे शू झिजतात आणि त्याचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात, माझ्या मते अशा गाडीत आधी टेन्शनर बघावेत, कॅमचं नंतर. २००७ पासून हायड्रॉलिक टेन्शनर आले आणि तो त्रास बराच कमी झाला. पुशरॉड जुनेच ठेवायचे असतील तर रॉकर बॉक्स उघडावे लागतात, त्यासाठी टाकी काढावी लागते, म्हणून बरेच जण जुने पुशरॉड कापून काढतात आणि ॲडजस्टेबल टाकतात. ते ठीक आहे, फक्त ॲडजस्ट करताना लिफ्टरमधलं ऑइल खाली बसायला वेळ द्या, घाई केली की व्हॉल्व्ह उघडा राहतो.

“ईसीयू शिकतो”

थोडंफार सावरतो, तेही मुख्यतः क्रूझिंगला, जिथे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जातं. पण त्याचा सगळा हिशोब मॅनिफोल्ड प्रेशर आणि आधी भरून ठेवलेल्या टेबलवर चालतो, ते टेबल स्टॉक कॅमचे आहेत. कॅम बदलला की कुठल्या आरपीएमला किती हवा आत जाते तेच बदलतं. इग्निशन टायमिंगचं टेबल तर तो नव्या कॅमप्रमाणे स्वतः लिहून काढत नाही. कॅम घ्यायचा तर ट्यूनिंग त्यातच धरा, नाहीतर चांगला कॅमही वाईट वाटेल.

मिलवॉकी-एटवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१७ पासूनच्या या इंजिनात एकच कॅम आणि प्रत्येक हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, दोन इनटेक व्हॉल्व्ह मिळून कमी लिफ्टलाही भरपूर हवा देतात, म्हणून ट्विन कॅमचे ५१०-५५० चे आकडे इथे लावू नका. इथे चारशे साठ-सत्तरचा कॅमही भरपूर असतो. १०७ चं कॉम्प्रेशन १०, ११४ चं १०.५, त्यामुळे इनटेक बंद होण्याला थोडी जास्त सूट मिळते, पण वजन तेच आहे आणि क्रूझिंगचा आरपीएम पण तोच.

कॅम घेताना विकणाऱ्याकडे डायनो चार्ट मागा, तुमच्याच इंजिनाचा, तुमच्याच कॉम्प्रेशनचा, आणि २००० आरपीएमपासून सुरू होणारा. बरेच चार्ट ३००० पासून सुरू होतात. खालचा भाग दाखवायला कोणी तयार नसेल तर तो कॅम यादीतून काढून टाका.