सुपीरियरला सप्टेंबरात जा
अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या महाकाय तळ्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘लेक सुपीरियर बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्येच’ हे काही पटलं नाही. पोहायच्या आशेने जाणार असाल तर ऑगस्टातही पाणी हाडं गोठवतं. किनाऱ्याकडून तळ्याकडे वारा सुटला की वरचं कोमट पाणी ढकललं जातं, खालचं थंडगार वर येतं. काल मुलं डुंबत होती तिथे आज पाय ठेववत नाही.

त्यापेक्षा सप्टेंबरच्या मध्यात अमेरिकेतल्या डुलुथ शहरात जा आणि थेट हॉक रिज ही पक्षी बघायची टेकडी गाठा. कॅनडातून दक्षिणेला निघालेले शिकारी पक्षी उत्तर किनाऱ्याशी येऊन अडतात. समोर ८२ हजार चौरस किलोमीटर पाणी! थंड पाण्यावर गरम हवेचे झोत उठत नाहीत, मग पंख न हलवता तरंगणार कसे? म्हणून किनारा धरून ते नैऋत्येला सरकतात आणि तळ्याच्या टोकाला, डुलुथवर, त्यांची ही गर्दी होते. वारा वायव्येचा असेल तर ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवेच्या थवे घिरट्या घालत वर चढतात. मान अवघडते, पण खाली बघवत नाही. तिथे पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी कडी घालतात; देणगी दिलीत तर एखादा पक्षी आपल्या हातून सोडायला मिळतो. शार्प-शिन्ड हॉकचं वजन जाणवतच नाही, नुसती धडधड.

तळ्यातलं आइल रॉयल बेट मात्र लेखात फारच घाईत उरकलंय. तिथे दोनच लांडगे उरले होते, म्हणून २०१८ पासून बाहेरून आणून सोडले, एवढं तरी यायला हवं होतं. आणि हो, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट बंद असतं.