आधी तोटा मोजा, मग कर मागा

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे म्हणतात, आमच्या पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जातो, शेतकऱ्याला मात्र एक पैसा कर नाही, वर कर्जमाफी. गावाकडचे म्हणतात, एक हंगाम शेती करून दाखवा, मग बोला. मग कुणीतरी रागाने ग्रुप सोडतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

मी जर्मनीत नोकरी करतो आणि इथला कर भरतो. लातूर जिल्ह्यातली आमची सहा एकर कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ कसतो. दोन्हीकडचे हिशेब माझ्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठ्या शेती उत्पन्नावर कर असावा, असं माझं मत आहे. पण आज ज्या सुरात तो मागितला जातो, तो सूर मला अजिबात मान्य नाही.

आधी भावाचा हिशेब, २०२४च्या खरिपातला. नांगरट, पाळी, पेरणी, सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरने: एकरी चार हजार. सोयाबीनची बॅग तीन हजार. डीएपीचं पोतं साडेतेराशे. तणनाशक आणि फवारण्या चार हजार. काढणीचं गुत्तं साडेचार हजार. मळणी क्विंटलला तीनशे. गाडीभाडं, हमाली, तोलाई वेगळी. एकरी साडेएकोणीस हजार असेच जातात. सात क्विंटलचा उतारा पडला. हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. नोव्हेंबरात ती १५ टक्क्यांवर नेली, तोवर आमचा माल आडतीवर जाऊन ४,१०० ने विकलाही गेला होता. थांबणार कसा? कृषी सेवा केंद्राची उधारी होती, मळणीवाला दारात उभा होता. एकरी नऊ हजारांच्या आसपास उरले. सहा एकरांचे चोपन्न हजार. यात भावाची आणि वहिनीची चार महिन्यांची मजुरी धरलेली नाही, जमिनीचा खंड नाही, घातलेल्या पैशावरचं व्याज नाही. कृषिमूल्य आयोगाच्या पद्धतीने हे सगळं धरलं तर हा धंदा तोट्यातला आहे.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीत, म्हणजे २०१८-१९ मध्ये, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचे पैसे जास्त येतात. निम्म्याहून अधिक कुटुंबांवर कर्ज होतं. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले आहेत.

आता हे आकडे प्राप्तिकराच्या शेजारी ठेवून पाहा. २०२५च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्या सर्वेक्षणातल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सव्वा लाखाच्या आत आहे. महागाईचा हिशेब करून ते दुप्पट धरलं, तरी बारा लाखांपासून ते फार लांब राहतं. उद्या सकाळी शेतीची करमाफी रद्द केली तरी भावाला आणि गावातल्या जवळपास कुणालाच रुपयाचा कर येणार नाही. म्हणून 'शेतकरी कर भरत नाही' असं चिडून म्हणणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, नेमक्या कुठल्या शेतकऱ्याबद्दल बोलताय ते आधी ठरवा. सहा एकरवाला कर भरत नाही, कारण तुमचाच कायदा लावला तरी त्याचा कर शून्य येतो.

बरं, तो काहीच भरत नाही हेही खरं नाही. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे, खतावर ५ टक्के, डिझेलवर उत्पादन शुल्क आणि व्हॅट. दुकानदार किंवा कारखानदार आपण खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतमालावर जीएसटी नाही, त्यामुळे शेतकऱ्याला ती वजावटही नाही. भरलेला सगळा कर त्याच्याच अंगावर पडतो.

याहून मोठा कर कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट घालून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. शहरात तेल स्वस्त व्हावं म्हणून घेतलेल्या अशा निर्णयांचा भार सोयाबीनच्या भावावर येतो. ओईसीडी ही विकसित देशांची संघटना आणि इक्रियर ही दिल्लीतली संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये मिळून केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात अशा धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्यांचं उत्पन्न दर वर्षी सरासरी १४ टक्क्यांनी कमी झालं. खतावरची, विजेवरची सबसिडी धरूनही. भाव पडल्यावर काय होतं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत दिसलं. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, आणि हमाली, तोलाई, भाडं कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. ती पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, वर्तमानपत्रांनी छापली होती.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी फार नेमका मांडला होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवलं. प्राप्तिकर देणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, पण शेतकऱ्याची जमीन एक एकर असो की शंभर एकर, पीक येवो न येवो, सारा त्याच दराने भरावाच लागतो, हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. यातला न्याय दोन्ही बाजूंना लागू होतो. गरीब शेतकऱ्याला सूट हवी, आणि ऐपत असलेल्याला तो केवळ जमिनीचा मालक आहे म्हणून सूट नको.

मी राहतो तिथून दहा मिनिटांवर एक शेतकरी आहे. आम्ही बटाटे आणि अंडी त्याच्याकडून आणतो. त्याच्याकडे सोळा हेक्टर जमीन आहे, आपल्या भाषेत चाळीस एकर. तरीही तो आठवड्याचे पाच दिवस कारखान्यात जातो. जर्मनीतल्या वैयक्तिक मालकीच्या शेतांपैकी निम्म्याहून जास्त शेतं अशी जोडधंद्याचीच आहेत, म्हणजे मोठ्या जमिनीवरही नुसत्या शेतीवर घर चालत नाही. तो कर भरतो का? भरतो. पण कसा, ते बघण्यासारखं आहे. वीस हेक्टरपर्यंतच्या छोट्या शेतकऱ्याला खातेवह्या न ठेवता सरासरीने कर भरायची मुभा आहे. हेक्टरी ३५० युरो हा पायाभूत नफा गृहीत धरतात, पीक कितीही आलं तरी. शेतीचं कर वर्ष १ जुलै ते ३० जून धरतात, कारण पीक कॅलेंडर बघून येत नाही. पुस्तकं ठेवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याला तोटा झाला तर तो इतर उत्पन्नातून वजा होतो किंवा पुढे ओढता येतो. चांगलं आणि वाईट वर्ष मिळून तीन वर्षांच्या सरासरीने कर कमी करून घ्यायचीही सोय आहे.

आणि या कराच्या बदल्यात मिळतं काय? १९५७ पासून इथे शेतकऱ्यांसाठी वेगळी निवृत्तिवेतन व्यवस्था आहे. १९९५ पासून शेतकऱ्याची बायकोही त्यात स्वतःच्या नावाने शेतकरी म्हणून धरली जाते आणि तिचं पेन्शन तिचं असतं. मला हे कळलं तेव्हा पहिली वहिनी आठवली. ती भावाइतकंच शेतात राबते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. जर्मन कृषी खात्याच्या केंद्रीय बजेटचा निम्म्याहून मोठा वाटा या शेतकरी सामाजिक सुरक्षेवरच जातो. आपल्याकडे २०१९ पासून पीएम किसान मानधन योजना आहे, साठीनंतर महिना तीन हजारांची. आमच्या गावात ती घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने शेतीच्या डिझेलवरची लिटरमागे साडेएकवीस सेंटची कर परतफेड बंद करायचं जाहीर केलं, आणि जानेवारीत ट्रॅक्टरांच्या रांगा बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजापर्यंत आल्या. पुढच्या सरकारने २०२६ पासून ती परतफेड पूर्ण सुरू केली. कर भरणारा शेतकरी रस्त्यावर उतरला की त्याच्या बोलण्याला आकड्यांचा आधार असतो. त्याचा नफा-तोटा सरकारदरबारी नोंदलेला असतो, त्यामुळे 'तुम्ही फुकटे' असं त्याला कुणी म्हणू शकत नाही.

मला माझ्या माणसांसाठी नेमकं हेच हवं आहे. भारतात शेती उत्पन्न कराच्या बाहेर ठेवलंय, त्यामुळे शेतीतला तोटाही हिशेबाच्या बाहेर राहिलाय. दुकानदाराचा धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. भावाने जोडीला दुकान टाकलं आणि शेतीत लाखभर बुडाले, तर ते लाख त्याच्या दुकानाच्या हिशेबात कुठेच धरले जाणार नाहीत. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या. तेव्हाही नुकसान ठरलं ते पंचनाम्याच्या दराने. घातलेला खर्च किती, गेलं किती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता वरच्या टोकाचं बोलू. शेतीच्या नावाखाली पैसा लपवणारे आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात आधी शेतकरी असावं लागतं, म्हणून कुठेतरी नाव लावून घेतात. मग डोंगरउतारावरच्या चार एकर फळबागेत कागदावर लाखोंचं पीक येतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१९च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे २२ टक्के प्रकरणांत पुरेसे कागद न बघताच शेती उत्पन्नाची सूट दिल्याचं निघालं. ही सूट पुढारी, बिल्डर आणि मोठ्या बियाणे कंपन्या घेतात, आणि तिचे टोमणे मात्र सहा एकरवाल्याला ऐकावे लागतात. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

हा कर कुणी लावायचा, हे घटनेत स्पष्ट आहे. शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या सूचीत ४६व्या क्रमांकावर आहे. २०१७ मध्ये नीती आयोगाचे तेव्हाचे सदस्य विवेक देबरॉय म्हणाले, की ठरावीक मर्यादेवरच्या शेती उत्पन्नावर कर असावा. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी खुलासा केला, की केंद्राचा तसा विचार नाही आणि घटनेने तो अधिकारही नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने जमीनधारणेवर आधारित कराची सविस्तर योजना दिली होती, २००२ मध्ये केळकर समितीने पुन्हा विषय काढला. कुठल्याच राज्याने मनावर घेतलं नाही. महाराष्ट्राने १९६२ मध्ये कृषी उत्पन्न कराचा कायदा केला होता, तोही आज कुणाला आठवत नाही. २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही शेती उत्पन्नाची सूट तशीच आहे.

गावाकडचे मित्र म्हणतात, एकदा दार उघडलं की आज बारा लाख, उद्या पाच लाख, परवा तलाठी वसुलीला दारात. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या सरकारने रातोरात निर्यात बंद केली, त्याच्यावर विश्वास ठेवा असं कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मर्यादा कायद्यातच नोकरदाराच्या मर्यादेला बांधलेली असावी. त्यांची वाढली की शेतकऱ्याची वाढेल, एकट्या शेतकऱ्याची कमी करता येणार नाही. सरासरी तीन वर्षांची धरावी, तोटा पुढे ओढता यावा, आणि घरच्यांची मजुरी खर्चात धरावी. ई-पीक पाहणीत शेतकरी २०२१ पासून आपलं पीक मोबाइलवर स्वतः नोंदवतोय. ती नोंद आज पीकविमा आणि अनुदानाला लागते. त्यातच खर्च आणि विक्रीची पट्टी जोडायची सोय झाली तर छोट्या शेतकऱ्यालाही आपला हिशेब कागदावर दाखवता येईल.

आणि एक काम तर कायदा न बदलताही करता येतं. ज्यांनी विवरणपत्रात वर्षाला पंचवीस-पन्नास लाख शेती उत्पन्न दाखवलंय, त्यांचा सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीच्या पट्ट्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. तो अधिकार प्राप्तिकर खात्याकडे आजही आहे. तपासणी सुरू करायचीच तर ती या यादीपासून करावी.