साउंड मिक्सरला पेटी घेताय? आधी झाकण बघा

आज दुपारी साक्रीकडचा एक पोरगा साउंड मिक्सर दुरुस्तीला दाखवायला आला. एसटीने, मांडीवर केळीचं खोकं घेऊन. खोक्याला सुतळी, आत गोधडी, गोधडीत दहा चॅनलचा छोटा मिक्सर. भजनी मंडळाचा, वर्गणीतून घेतलेला. तिसऱ्या चॅनलचा गेन (आत येणारा आवाज कमी-जास्त करायचा नॉब) खरखरतो आणि मेन फेडर (एकूण आवाजाची सरकती दांडी) मध्येच आवाज सोडतो, ही तक्रार.

खोकं बघूनच माझं डोकं फिरलं. ही पोस्ट तिथेच, त्या क्षणी, मनात लिहून झाली होती. आपल्याकडे माणूस माईक घ्यायला चार दुकानं फिरेल, ऑनलाइन दर बघेल, भाच्याला विचारेल, पेटीचं नाव काढलं की लगेच, "कसाले भो, गोणीमा टाकी देसूत!" आणि मग मशीन बिघडलं की कंपनीच्या नावाने शंख. तेव्हा त्या पोराला दोन शब्द सुनावणारच होतो.

आधी मिक्सर उघडला. नॉब काढले, पॉटचे (नॉबखालच्या फिरत्या भागाचे) नट सोडवले, खालचे स्क्रू काढून बोर्ड उलटा केला आणि भिंग लावलं. तिसऱ्या गेनच्या पॉटला तीन पिना. मधल्या पिनीभोवती डाखाचा (सोल्डरचा) चकचकीत डोंगर आणि त्या डोंगराभोवती केसाएवढी गोल चीर. पिन जागेवर आहे, डाख जागेवर आहे, पण दोघांचा संबंध तुटलेला. बोट लावलं की जुळतो, सोडलं की तुटतो. खरखर ती हीच.

ही चीर गोणीत आदळून क्वचितच पडते. नॉबवर कुणीतरी बराच वेळ, तिरकं दाबून बसल्यावर पडते. म्हणून विचारलं, रोज ठेवता कशात? तर म्हणाला, "खोकं तं आजच लिधं काका. पेटी घरी शे." आणि मोबाइलवर फोटो दाखवला. काळी कडक पेटी, चार लॅच, वर "शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ" आणि झाकणात अंड्याच्या ट्रेसारखा उंचसखल फोम. फोटो मोठा करून बघितला तर त्या फोमवर नॉबच्या रांगेचे खड्डे. ओळीने. दाताचे वण असतात तसे.

म्हणजे पोराने पैसे खर्च केले होते. पेटी घेतली होती. आणि मिक्सर त्या पेटीनेच खाल्ला.

आता राग कुणावर काढायचा ते सांगा.

या पेट्या विकणारे मिक्सरचं माप "एवढ्यात बसतो" म्हणून सांगतात. बसतो हो, झाकण दाबून बसवला तर वरवंटाही बसतो. पेटी निवडताना मशीनची लांबी-रुंदी शेवटी बघायची. पहिल्यांदा बघायचं ते बाहेर काय काय आलंय: नॉब, फेडर, अँटेना, स्क्रीन, रेकॉर्डरच्या डोक्यावरचे माईक. पेटीचं काम एवढंच की या बाहेर आलेल्या भागांवर कुणाचंही वजन येऊ नये. मशीनचं ओझं त्याच्या अंगावर, म्हणजे चार कडांवर आणि तळावर पडलं पाहिजे. वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ सगळं त्याच्यानंतर.

माप कसं घ्यायचं ते सांगतो. मिक्सर सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या वह्या रचा, त्यावर पट्टी आडवी टाका आणि सगळ्यात उंच नॉबला पट्टी टेकेपर्यंत वह्या कमी-जास्त करा. फरशीपासून पट्टीपर्यंतची उंची ती खरी उंची. कंपनीच्या कागदावरचं माप फक्त अंदाजाला. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या: २४४ मिमी रुंद, २९४ मिमी खोल, ७१ मिमी उंच, वजन २.१ किलो. त्याला तळाला २५ मिमी फोम, चारही बाजूंना २० ते २५ मिमी, आणि वर नॉबच्या टोकापासून झाकणाच्या फोमपर्यंत किमान १५ मिमी मोकळी हवा. म्हणजे आतली जागा साधारण २९० बाय ३४० मिमी आणि आतली उंची ११० च्या वर हवी. आतली! जाहिरातीत छापतात ते बहुतेक वेळा बाहेरचं माप असतं, आणि तळ-झाकणाची खोली वेगवेगळी सांगतच नाहीत. तळ उथळ आणि झाकण खोल असेल तर मिक्सर अर्धा वर निघतो आणि झाकणाच्या फोमला जाऊन भिडतो.

पण मग पेटी उलटी झाली तर मिक्सर वर उडेल, असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. म्हणून झाकणातला अख्खा फोम काढून टाका आणि फक्त कडांवर येतील अशा पट्ट्या चिकटवा. कडा दाबल्या जातील, मधलं मैदान मोकळं राहील.

चाचणी एक पैशाची आहे. नॉबच्या टोकांना खडूची पूड लावा. झाकण बंद करा, सगळे लॅच लावा, पेटी दोन-तीनदा कलती करा, उघडा. फोमवर पांढरा ठिपका दिसला तर ती पेटी तुमच्या मशीनची नाही. दुकानात असाल तर तिथेच करा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

आणि हो, अडॅप्टर! त्या पोराला विचारलं, अडॅप्टर कुठे ठेवता? "मिक्सरना वरच, तठे जागा व्हती ना." हे ऐकून मी कपाळाला हात लावला. पाव किलोचा दगड, फेडरवर, रोज, सुरत हायवेच्या खड्ड्यांतून. मेन फेडर का गेला ते वेगळं सांगायला नको. पेटीत सुटी असलेली वस्तू ही पेटीबाहेरच्या धक्क्यापेक्षा वाईट. बाहेरचा धक्का एकदा लागतो. आतला अडॅप्टर घरून निघाल्यापासून मंडपापर्यंत हातोडी मारत असतो. अडॅप्टर, केबल, कन्व्हर्टर, सुटे सेल यांना वेगळी पिशवी. त्याच पेटीत ठेवायचंच असेल तर वेगळा कप्पा आणि मध्ये उभी पक्की भिंत, नुसता फोमचा तुकडा नाही. केबलसुद्धा मिक्सरवर गुंडाळून ठेवू नका, एक्सएलआरची (माईकच्या केबलची) टोकं धातूची असतात, ती स्क्रीन फोडतात.

आता फोम. आपल्याकडे फोम म्हणजे गादीवाल्याकडचा मऊ पिवळा तुकडा. तो रेकॉर्डरसारख्या हलक्या वस्तूला ठीक, जड मिक्सरखाली तो पूर्ण दबून जातो आणि मशीन थेट पेटीच्या तळाला टेकतं. उलट पॅकिंगवाल्यांकडची पांढरी ईपीई शीट हलक्या माईकला फार कडक, धक्का तसाच आत जातो. माझा हिशेब साधा: वस्तू ठेवल्यावर फोम जाडीच्या दहाव्या भागाएवढा दबला पाहिजे. २५ मिमीचा फोम अडीच मिमी. दबतच नाही तर कडक, अर्धा दबला तर मऊ. शिवाय तो गादीवाल्याचा मऊ फोम (पीयू) काही वर्षांनी, विशेषतः दमट हवेत, कुजून चिकट भुगा होतो आणि तो भुगा फेडरच्या फटीत उतरतो. जुन्या स्पीकरच्या फोमच्या कडा बोट लावल्यावर गळून पडतात, तोच आजार. बऱ्याच दिवसांसाठी ठेवायचं असेल तर ईव्हीए (चपलेच्या तळव्यासारखा दाट फोम) किंवा ईपीईच घ्या, आणि वरून सुती कापडाचा थर द्या.

खाचा कापायच्या तर वस्तूच्या कडेच्या दोन मिमी आतून कापा, म्हणजे फोम धरून ठेवतो. पातं नवं कोरं घ्या, जुन्या पात्याने फोम फाटतो. दोन बोटं जातील अशी खोबण ठेवा, नाहीतर लोक रेकॉर्डर माईकला धरून उपसतात. रबर सोल्यूशनने चिकटवलं तर पेटी किमान एक रात्र उघडी ठेवा. ओल्या सोल्यूशनच्या वाफेत मशीन कोंडलं तर स्क्रीनचं प्लास्टिक धुरकट होतं. थर्मोकोल वापरूच नका. ते सोल्यूशन त्याला विरघळवतं आणि त्याचे दाणे घर्षणाच्या विजेने चिकटून माईकच्या जाळीत बसतात.

पेटी कसली? मिक्सरपुरतं बोलतो. सुताराकडून करायची तर ६ मिमी प्लाय पुरतो, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना गोल पत्रे. मंडपवाल्यांची नक्कल करून १२ मिमी लावाल तर दोन किलोच्या मिक्सरला त्याच्यापेक्षा जड पेटी होते, आणि मग ती उचलायला कुणी तयार नसतं, आपटतात. ज्यांना फ्लाइट केस म्हणतात त्या खऱ्या पेट्यांसाठी विमान कंपन्यांचं एटीए ३०० नावाचं मानक आहे, त्यातल्या पहिल्या श्रेणीची पेटी किमान १०० फेऱ्या टिकावी अशी अपेक्षा असते. रस्त्यावरच्या दुकानात चकचकीत पत्रा दिसला की तिला फ्लाइट केस म्हणतात, ते सोडून द्या. पत्र्याची ट्रंकसुद्धा वाईट नाही, आतून फोम लावला तर. फक्त उन्हात तापते.

उन्हाचं तर आपल्याला कुणी शिकवू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसवर, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत साठच्या पुढे. काळी पेटी डिकीत ठेवून लग्नात जेवायला बसलात तर आत लिथियम बॅटरी फुगायला लागते, गोंद सुटतो, इलेक्ट्रेट माईकची जान कमी होते. काळ्या पेटीवर पांढरं उपरणं टाका. बॅटरीची मशीनं सावलीत, सेल काढून. लिथियम बॅटरी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका.

सील असलेल्या पेट्यांचा नाद सगळ्यांना आहे. आयपी६७ म्हणजे ६ हा आकडा धुळीचा, धूळ आत शिरणारच नाही. ७ पाण्याचा, १ मीटर खोलीत ३० मिनिटं. मान्य, काळ्या मातीच्या फुफाट्यात आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळच्या गावात अशी पेटी सोनं आहे. चेनच्या बॅगेत तो बारीक धुरळा दातांमधून जातोच. पण सील जसं बाहेरचं आत येऊ देत नाही तसं आतलं बाहेर जाऊ देत नाही. पावसात भिजलेला माईक पुसून लगेच कोंडला की दुसऱ्या दिवशी जाळीला गंज. आधी पंख्याखाली वाळवा, मग कोंडा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत परत निळे होईपर्यंत परता; ती कढई नंतर स्वयंपाकाला नको. आणि अशा पेटीला हवेचा व्हॉल्व्ह आहे ना ते बघा. तोरणमाळला, हजार मीटरच्या वर, पेटी उघडून बंद केली आणि खाली शहाद्याला आलात की बाहेरच्या हवेचा दाब झाकणावर बसतो. मग चार माणसं ओढतात आणि लॅच तुटतो. व्हॉल्व्ह नसेल तर घाट उतरताना एक लॅच ढिला ठेवा.

एकट्या माईकला एवढं काही लागत नाही. एसएम५८ सारखा माईक ३०० ग्रॅमचा, सोबतची चेनची पिशवी पुरते, जाळीवर दुसरा माईक आदळू नये एवढंच. पण वेल्डिंगच्या दुकानाजवळ उघडा ठेवू नका. आत चुंबक असतं, लोखंडाचा भुगा जाळीतून ओढला जातो आणि पडद्यावर बसला की निघत नाही.

मोटारसायकलवर नेणार असाल तर कॅरियरला बांधू नका. पाठीवर घ्या. कॅरियरची बारीक थरथर स्क्रू सुटे करते, माणसाची पाठ ती गिळते. पाठ दुखेल, मान्य.

बॅग शिवून घेणार असाल तर चेन १० नंबरची, धरायचे पट्टे नुसते वरच्या कडेला नाही, तर तळाखालून फिरवून शिवलेले. रेग्झीन नको, आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यात तडकतं.

आता परत त्या खोक्याकडे. दुपारी मी त्याला मनातल्या मनात भिकार म्हणालो होतो. दिसायला आहेच. बाजूंना हवेची भोकं आहेत, धूळ जाते, पावसात लगदा होईल. पण तेरा किलो केळी एकावर एक थप्पीने वाहायला केलेला जाड पुठ्ठा आहे तो, कोपरे पक्के. आणि त्याच्या आईने गोधडी घडी करून नाही, वळकटी करून चारही बाजूंनी वेटोळं घातलं होतं. मिक्सर त्या वेटोळ्यात, अंडं घरट्यात बसावं तसा. वर काहीच नाही. माउलीने फोमचा दर विचारला नव्हता, आयपी६७ ऐकलं नव्हतं.

पॉटच्या पिनांना नवा डाख दिला, फेडर साफ करून बघितला तर पट्टीच घासलेली, तो बदलला. मिक्सर परत गोधडीत ठेवला. मग मला राहवलं नाही. खडू काढला, नॉबना पूड लावली, खोकं बंद केलं, सुतळी आवळली, दोन-तीनदा कलतं केलं. पोरगा बघत राहिला, "हाई काय काका?" उघडलं.

खोक्याच्या झाकणाला एकही ठिपका नव्हता.

घरच्या पेटीच्या झाकणातला फोम आज रात्रीच काढून टाक म्हणून सांगितलं. अडॅप्टर त्याने खिशात घातला आणि सहाची पिंपळनेर गाडी धरायला निघाला.