असायक्लोव्हिर असताना नवी संयुगे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपण तुकोगंजात अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवले आहे, तेव्हा आपल्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणे बरे दिसणार नाही. डोळ्यातील हर्पिसवरच्या माझ्या लेखाबद्दल आपले म्हणणे असे, की हर्पिसचा विषाणू एकदा शिरला की जन्मभर राहतो. मग त्याला पेशीबाहेर रोखणाऱ्या कृत्रिम संयुगांचे एवढे कौतुक कशासाठी, आणि असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचे औषध हाताशी असताना रुग्णांना नसती आशा का लावायची?

विषाणू जन्मभर राहतो हे खरे, पण तो दडून बसतो चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत. दुखणे उलटते तेव्हा तो तिथून कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, उतरतो आणि तिथली एकेक नवी पेशी त्याला पुन्हा गाठावीच लागते. त्या पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाची साखरेची लांब साखळी असते. तिच्या एका विशिष्ट सल्फेटयुक्त रूपाला विषाणूचे जीडी प्रथिन चिकटते, हे 1999 मध्ये दाखवले गेले. पुढे 2011 मध्ये, नेमक्या त्याच रूपाला झाकणारे कृत्रिम पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) उंदरांच्या कॉर्नियातील संसर्ग रोखते, असे प्रसिद्ध झाले. मी लिहिले ते एवढ्याच आधारावर, आणि प्रयोग उंदरांवरचा आहे हेही तिथेच नमूद केले होते.

आता असायक्लोव्हिर. तेही दडलेल्या विषाणूला हात लावत नाही. अमेरिकेतील 1998 च्या मोठ्या चाचणीत रोज दोनदा 400 मिलिग्रॅम असे वर्षभर दिल्यावर डोळ्यातील हर्पिस उलटण्याचे प्रमाण 32 वरून 19 टक्क्यांवर आले. म्हणजे उपयोग निश्चित, पण पूर्ण नव्हे. आपली कसोटी लावायची तर तेही बाद ठरेल. शिवाय ते पेशीत गेल्यावर विषाणूच्याच थायमिडीन कायनेज या विकराने कार्यान्वित व्हावे लागते, आणि त्या विकरात बदल झालेला विषाणू औषधाला दाद देत नाही. अशा रुग्णासाठी बाहेरूनच अडवणारे संयुग हा वेगळा मार्ग आहे. त्याने असायक्लोव्हिरची जागा घ्यावी, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

आपण बोट ठेवायला हवे होते ते दुसरीकडे. हेपरान सल्फेट जवळजवळ सर्वच पेशींवर असते, त्यामुळे ते झाकणारे औषध पोटातून देणे जोखमीचे; डोळ्यात थेंब टाकला तर ही अडचण कमी होते, पण अश्रूंनी तो काही मिनिटांतच वाहून जातो.